तिखटाचा दाह : पाण्यापेक्षा दूध-दही गुणकारी

रायपूर : छत्तीसगडच्या ग्रामीण भागात उन्हाळ्याची न्याहारी म्हणजे बोरे-बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी तो मीठ, कांदा आणि हिरव्या मिरचीसोबत खाल्ला जातो. कामगार दिनी, १ मे २०२२ रोजी, राज्य शासनाने नागरिकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले होते. जोडीला पाट्यावर वाटलेली, मिरची घातलेली 'पताल'ची म्हणजेच टोमॅटोची चटणी असते. ही चटणी चीला आणि फऱ्यासोबतही आवडीने खाल्ली जाते. सवय नसलेल्या पाहुण्याच्या जिभेची मात्र तिने आग होते आणि हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो. तथापि, हा उपाय फारसा उपयोगाचा नाही.

दाह का होतो?

मिरचीचा तिखटपणा 'कॅप्सेसिन' या द्रव्यामुळे असतो. ते मुख्यतः बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढऱ्या गाभ्यात तयार होते. तिखट ही चव नसून वेदना आहे. जिभेवरील मज्जातंतूंच्या टोकांशी 'टीआरपीव्ही-१' नावाचे ग्राही असतात. सुमारे ४३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागली की ते चेतवले जातात. कॅप्सेसिन नेमके त्यांनाच चेतवते. त्यामुळे प्रत्यक्षात काहीही भाजलेले नसताना मेंदूला भाजल्याचा संदेश मिळतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये या ग्राहीचा शोध लावला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले.

काय करावे?

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र तेलात आणि स्निग्ध पदार्थांत विरघळते. पाण्याचा घोट तोंडात असेपर्यंत गारव्यामुळे बरे वाटते. तो गिळताच आग पुन्हा जाणवू लागते.

* थंड दूध किंवा दही घ्यावे. ते लगेच न गिळता काही क्षण तोंडात घोळवावे. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच परिणामकारक आढळले.
* साखर किंवा गूळ जिभेवर ठेवावा. गोडाने तिखटाची जाणीव मंदावते. एक वर्षाखालील बालकास मात्र मध देऊ नये.
* दूध-दही चालत नसल्यास तूप किंवा शेंगदाण्याचे कूट लावलेला भाकरीचा वा पोळीचा घास चावून खावा.
* सोडायुक्त पेये आणि गरम चहा टाळावा. चहाच्या उष्णतेने दाह वाढतो.

बासीच्या ताटात दही किंवा मठा असतो, त्यामागेही हेच कारण सांगता येईल. भातातील पाण्याने गारवा मिळतो, पण तिखट शमते ते दह्याने.

हात आणि डोळे

मिरच्या चिरल्यानंतर किंवा कांडल्यानंतर हातांची आग होत असेल, तर आधी खाद्यतेल चोळावे, ते पुसून काढावे आणि मग भांडी घासण्याच्या साबणाने हात धुवावेत. मिरचीचे हात डोळ्यांना लावू नयेत. मिरची डोळ्यात गेल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याच्या सौम्य धारेखाली सुमारे १५ मिनिटे धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास प्रथम काढावी. दूध, तूप किंवा तेल डोळ्यात घालू नये. आग थांबत नसेल अथवा अंधुक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दमेकऱ्यांनी मिरची कांडण्याच्या आणि फोडणीच्या खाटापासून दूर राहावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तोंडाचा दाह बहुधा काही मिनिटांत ओसरू लागतो. श्वास घेण्यास त्रास होणे, ओठ वा घसा सुजणे, छातीत दुखणे, वारंवार उलट्या होणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पैजेखातर अतितिखट खाणे धोक्याचे ठरू शकते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशाच आव्हानाचा तिखट चिप्स खाल्ल्यानंतर १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, असे शवविच्छेदनात आढळले. असा दोष अनेकदा आधी ठाऊक नसतो. म्हणूनच मुलांना अशा पैजांपासून दूर ठेवणे हिताचे होय.