अंगणवाडी: बोर्डीच्या अंगणातून देशाच्या धोरणापर्यंत

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की तो कुणीतरी, कुठेतरी, एका अडचणीतून काढलेला मार्ग होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते ठिकाण आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. बोईसरहून उत्तरेकडे जाणारी गाडी वाणगाव आणि डहाणू रोड मागे टाकून घोलवडला थांबते. तिथून जवळच समुद्रकाठी बोर्डी हे चिकूच्या वाड्यांचे गाव आहे. १९४५ साली हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत होता.

मात्र या कथेची सुरुवात गुजरातमधील भावनगरला होते. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या या गृहस्थांना लोक प्रेमाने ‘मूंछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. वैवाहिक आयुष्य मोडल्यावर एकट्या मुलीसह राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळणाऱ्या, करारी स्वभावाच्या त्या बाई होत्या. १९२६ मध्ये दोघांनी ‘नूतन बालशिक्षण संघ’ स्थापन केला.

या संघाचे वेगळेपण नीट समजून घ्यायला हवे. त्या काळी मुलांसाठी काम म्हणजे अनाथाश्रम, दूधवाटप, दानधर्म. संघाने दान मागितले नाही. मुलाची बाजू मांडली. अडीच ते सहा वर्षांच्या मुलालाही मन असते, त्याला मारणे हा गुन्हा आहे, भीती आणि घोकंपट्टी म्हणजे शिक्षण नव्हे, आणि ही गोष्ट शिक्षकाइतकीच आईबापांनाही पटली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक चालले, आधी गुजरातीत आणि १९३३ पासून मराठीतही. शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरे निघाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला ‘शिशुविहार’ उभारला. १९३९ मध्ये गिजुभाई गेले, आणि संघाचा भार ताराबाईंवर आला.

दादरची मुले आनंदाने शिकत होती. पण ती दादरची मुले होती. मोंटेसरी पद्धतीची साधने महाग, शिक्षिका शहरी, पालक सुशिक्षित. खेड्यातल्या मुलाला यातले काय मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ हे वर्ष या पट्ट्यात साधे नव्हते. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. त्यानंतर अडीच महिन्यांतच, २४ डिसेंबर १९४५ रोजी, ताराबाईंनी बोर्डीत ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’ सुरू केले. दोन्ही प्रवाहांचे मार्ग अगदी भिन्न होते. पण ज्या घरातला बाप जमीनदाराकडे वेठीला जातो त्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाचे काय होते, हा प्रश्न दोहोंच्या मुळाशी एकच होता.

ताराबाईंसोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची भेट झाली आणि अनुताईंनी खेड्यात येण्याचे मान्य केले. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या, अनुताई पस्तिशीच्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले तिकडे फिरकेनात. अस्पृश्यतेचा धाक होता, घरची कामे होती, अंगावर धड कपडेही नव्हते. मुले येत नाहीत तर शिक्षिकांनी जायचे, असे ठरले. वस्तीतल्या एखाद्या अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी, बाई जाऊन बसत. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू आणि माती हीच साधने. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आणखी एक लाभ असा की आया दारातून सारे पाहत असत. ‘पालकशिक्षण’ हा जड शब्द न उच्चारता ते घडत होते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे वारली मुलांची अडचण निराळी होती. मोठी मुले गुरे राखत, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ जन्मली. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ही ‘विकासवाडी’. ताईच्या शिक्षणाची गुरुकिल्ली बाळाच्या पाळण्यात आहे, हे ओळखणे हा कोसबाडचा सर्वांत मोठा शोध मानावा लागेल. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढेही टेकडी सोडली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांसह ‘एकात्मिक बाल विकास सेवा योजना’ सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. नाव देशभर गेले, मात्र अंगण मागे राहिले. पूरक आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांना महत्त्व आले आणि ते आवश्यकही होते. गाणी, गोष्टी आणि शिंपल्यांना कार्यक्रमपत्रिकेत शेवटची जागा मिळाली. तरी आहाराचे काम तरी पुरे झाले होते का? १९९२ मध्ये याच पट्ट्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला अनुताई गेल्या.

मुलांची बाजू मांडण्याचे काम यानंतर न्यायालयात पोहोचले. पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेतून अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला, भोवती देशव्यापी ‘अन्न अधिकार अभियान’ आकाराला आले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने त्यापुढचे पाऊल टाकले: ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळालीच पाहिजे. बोर्डीत शिक्षिका वस्तीत आपणहून गेल्या होत्या. आता वस्तीला त्यांना हक्काने बोलावता येत होते.

ज्या शिक्षिकेच्या बळावर हे सारे उभे आहे तिला मात्र सरकार दीर्घकाळ ‘मानसेवी’ म्हणत आले, म्हणजे वेतन नव्हे, मानधन. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केले. बोर्डीच्या पहिल्या अंगणाला तोवर ७६ वर्षे उलटून गेली होती.