जिम्मू : जपानचा पहिला, पण न झालेला सम्राट

१९४२ साली टोकियोच्या न्यायालयाने इतिहासकार त्सुदा सोकिची यांना तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. ती तहकूब ठेवली, एवढीच सवलत. जिम्मूपासून पुढच्या चौदा सम्राटांच्या अस्तित्वावर वाचकाला शंका यावी, असं लिखाण करून त्यांनी राजघराण्याचा अवमान केला, असा ठपका होता.

जिम्मूची कथा ‘कोजिकी’ (७१२) आणि ‘निहोन शोकी’ (७२०) या ग्रंथांत येते. सूर्यदेवता अमातेरासूचा हा वंशज क्युशू बेटावरून पूर्वेला निघाला. आजच्या ओसाकाजवळ त्याने मार खाल्ला, थोरला भाऊ गमावला. सूर्याच्या लेकरांनी सूर्याकडे तोंड करून लढणं चुकलं, असं म्हणून त्याने समुद्रमार्गे वळसा घातला आणि यातागारासू नावाच्या कावळ्यामागून डोंगर ओलांडत यामातो (आजचा नारा परिसर) गाठलं. मृत्यूसमयी त्याचं वय एका ग्रंथात १३७, दुसऱ्यात १२७!

राज्यारोहणाचं साल इ.स.पू. ६६०. त्या काळी जपानात भातशेतीच नुकती रुजत होती. राज्य, दरबार फार पुढची गोष्ट. मग हे साल आलं कुठून? नाका मिचियो या अभ्यासकाने मेइजी सम्राटाच्या काळात त्याचा उलगडा केला. साठ वर्षांच्या चिनी कालचक्रातल्या ठरावीक वर्षी सत्तापालट होतो, आणि अशी २१ चक्रं, म्हणजे १२६० वर्षं, भरली की महापरिवर्तन, अशी धारणा होती. सम्राज्ञी सुइकोच्या कारकिर्दीतल्या ६०१ सालापासून तेवढं मागे मोजलं की ६६० हाती येतं.

पुढे कित्येक शतकं सत्ता शोगुनांकडे, म्हणजे लष्करी शासकांकडे, राहिली आणि जिम्मू मागे पडला. १८६८ साली सम्राटाच्या नावाने ती सत्ता उलथवणाऱ्यांना मात्र शोगुनांहून जुना आधार हवा होता. राजसत्तेच्या पुनःस्थापनेच्या जाहीरनाम्यात त्यांनी जिम्मूच्या राज्यस्थापनेचाच हवाला दिला. १८७३ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका आली, तेव्हा राज्यारोहणाची तिथी ११ फेब्रुवारीला बसवण्यात आली. १८८९ साली मेइजी राज्यघटना याच दिवशी जाहीर झाली. पुढच्या वर्षी नारा प्रांतात काशिहाराला जिम्मूचं देवस्थानही उभं राहिलं.

१९४० साली राज्यस्थापनेची २६०० वर्षं देशभर साजरी झाली. प्रसिद्ध ‘झिरो’ लढाऊ विमानाचं नावही २६०० मधल्या शेवटच्या शून्यावरून पडलं. त्सुदांच्या पुस्तकांवर बंदी आली ती याच वर्षी.

दुसऱ्या महायुद्धात पराभव झाला आणि १९४८ साली ११ फेब्रुवारीची राष्ट्रीय सुट्टी रद्द झाली. पुढच्याच वर्षी त्सुदांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा मोठा सरकारी सन्मान मिळाला. सुट्टी परत आणण्याच्या हालचाली सुरू झाल्यावर अनेक इतिहासकारांनी विरोध केला; त्यांत सम्राट हिरोहितो यांचे धाकटे बंधू आणि स्वतः इतिहासाचे अभ्यासक असलेले राजपुत्र मिकासाही होते. तरीही १९६७ पासून ११ फेब्रुवारी हा ‘राष्ट्रस्थापना दिन’ पाळला जातो. त्यासाठीच्या कायद्यात जिम्मूचं नाव नाही, आणि तारीखही कायद्याने न ठरवता मंत्रिमंडळाच्या आदेशावर सोडलेली आहे.