पिंजऱ्याचा इतिहास

इतिहास आम्ही शाळेतच सोडला. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि ‘मागील शिल्लक पुढे ओढणे’ एवढाच इतिहास आमच्या वाट्याला उरला. तरीही आजचा विषय इतिहासाचाच आहे, आणि त्याला कारण आमचा भाचा.

हा भाचा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मीरा रोडला राहतो आणि रविवारी पोह्यांच्या वासावर भाईंदरला आमच्याकडे येतो. परवा दुसरी बशी पुढे करत म्हणाला, “मामा, हल्ली आम्ही गिऱ्हाइकांच्या स्क्रिप्ट्स सर्व्हरवर वॅस्ममध्ये चालवतो.”

स्क्रिप्ट म्हणजे मला नाटकाची वाटली आणि वॅस्म हे दम्याचं औषध. “कोणाला झालाय?” असं विचारणार तोच आमच्या हिने डोळे वटारले. म्हणून गंभीर चेहऱ्याने म्हटलं, “असं का? बरं पडत असेल.”

पण तेवढ्यावर थांबेल तर तो भाचा कसला! पोहे संपले, चहा झाला, तरी तो बोलतच होता. मीही ते हळूहळू बँकेच्या भाषेत उतरवून घेत गेलो. सर्व्हर म्हणजे काउंटरमागे राबणारं यंत्र. स्क्रिप्ट म्हणजे त्याच्या हाती दिलेली कामाची चिठ्ठी. ही चिठ्ठी परक्याने लिहिलेली असली, तर ती पार पाडताना त्याचा हात आपल्या कपाटात जाऊ नये, हा सगळा प्रश्न.

१९९३ साली ‘सीजीआय’ नावाची रीत निघाली. तिच्यात प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एक नवा प्रोग्रॅम सुरू करी आणि उत्तर दिलं की तो संपे. म्हणजे प्रत्येक टोकनामागे एक कारकून नेमायचा आणि चेक पास झाला की त्याला शाल-श्रीफळ देऊन निवृत्त करायचं! शिवाय तो असेपर्यंत शाखेत मोकळा हिंडणार. पुढे पीएचपीसारख्या भाषांचे दुभाषी सर्व्हरच्या पोटातच बसवले. काम भराभर होऊ लागलं, पण सगळे एकाच टेबलाशी. कोणाच्या खणात कोणाचा हात, पत्ता नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येक परक्याला आख्खी शाखाच बांधून द्यायची टूम निघाली. आभासी यंत्र ही कल्पना आयबीएमची, १९६० नंतरच्या दशकातली. १९९८ साली निघालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या कॉम्प्युटरवर आणली. सुरक्षित खरी, पण एका चेकसाठी मॅनेजर, शिपाई, स्ट्राँगरूम, सगळा थाट! मग २०१३ साली ‘डॉकर’ आलं. एकाच इमारतीत वेगवेगळ्या केबिनी, खाली मॅनेजर एकच. स्वस्त झालं. केबिनीच्या भिंती मात्र पातळ.

आणि खरा तोडगा निघाला तो भलतीकडेच, ब्राउझरमध्ये. हे आपल्या लक्षात येत नाही, पण ब्राउझर बिचारा दिवसभर अनोळखी लोकांचे प्रोग्रॅम आपल्या घरात चालवत असतो. त्याला पिंजऱ्याची गरज सर्वांत जास्त. २०१५ साली वेबअसेंब्लीची घोषणा झाली, तेच हे वॅस्म. २०१७ साली ते चारही मोठ्या ब्राउझरांत आलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचं रीतसर प्रमाणक झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘वासी’ नावाचे नियम निघाले आणि पिंजरा ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जाऊन बसला. ही दोन्ही २००८ साली असती तर डॉकर काढावंच लागलं नसतं, अशा अर्थाचं तेव्हा बोलले ते डॉकरचे जनक सॉलोमन हाइक्स स्वतः!

“पण पिंजऱ्यात असतं काय?” मी विचारलं.

“काहीच नाही. तीच तर गंमत. चौसष्ट-चौसष्ट किलोबाइटच्या तुकड्यांनी मोजून दिलेली मेमरी, बस्स. तिच्या पलीकडचं त्याला दिसतच नाही. फाइल नाही, नेटवर्क नाही, घड्याळसुद्धा नाही. जे लागेल ते यजमान खिडकीतून देईल तेवढंच.”

असा पिंजरा उभा करायला वेळ किती? फास्टली कंपनीने २०१९ साली सांगितलेला आकडा पन्नास मायक्रोसेकंदांच्या आतला आहे. आमच्या शाखेतलं यंत्र सकाळी जागं होईतो माझा चहा होतो, म्हणून या आकड्यावर मी काही बोललो नाही.

एक अडचण होती. वॅस्मला जावास्क्रिप्ट थोडीच कळते? म्हणून दुभाष्यालाच पिंजऱ्यात बसवतात! ‘क्विकजेएस’ हा असाच २०१९ सालचा सुटसुटीत दुभाषी. आत जरा सावकाश बोलतो, पण बाहेर काही सांडत नाही. कॅनडाच्या शॉपिफाय कंपनीने तर २०२२ साली दुकानदारांचे सवलतीचे नियम वॅस्ममध्ये चालवायची सोय काढली.

“थोडक्यात, कोणावर विश्वास नाही,” मी म्हणालो.

तोंडून हे निघालं आणि मला आमचे अण्णा आठवले. अण्णा कॅशियर होते. १९८७ साली दिवाळीच्या आधी, एक सहकारी “जरा कात्री घेतो हं” म्हणत त्यांच्या पिंजऱ्यात शिरला. मैत्रीतला माणूस, अण्णांनी मानही वर केली नाही. संध्याकाळी कॅश टॅली होईना. सातशे रुपये कमी. दुपारी कोणाला जास्त दिले गेले, की आणखी काही, ते कधीच कळलं नाही. अण्णांनी चार हप्त्यांत पगारातून भरले. त्या दिवाळीला मला नवी चड्डी मिळाली नाही, याचं आठ वर्षांच्या मला फार वाईट वाटलं. अण्णांचं दुःख निराळं होतं. त्या मित्राशी त्यांना पुन्हा मोकळेपणी बोलता आलं नाही. संशय घ्यायचा नव्हता आणि जातही नव्हता. “कडी लावली असती, तर तो सुटला असता रे,” असं एकदाच म्हणाले.

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. कडी ही आतल्याला कोंडायला नसते. ज्याच्या हाती काही दिलंच नाही, त्याच्यावर आळही येत नाही. पिंजऱ्याचं कुलूपच किडकं निघालं, किंवा खिडकीतून आपणच नको ती किल्ली दिली, तर इलाज नाही, हे भाच्यालाही मान्य आहे. पण बाकीच्या वेळी आतलाही निर्धास्त आणि बाहेरचाही.

सोमवारी मी कॅशवर होतो. शेजारचा कारकून केबिनचं दार लोटत म्हणाला, “साहेब, जरा स्टेपलर घेतो.” मी आतून कडी सरकवली आणि स्टेपलर खिडकीतून बाहेर दिला.

“एवढा अविश्वास?” तो हसत म्हणाला.

“नाही रे,” मी म्हटलं, “वॅस्म.”

संध्याकाळी कॅश टॅली झाली. आम्ही दोघे बोलत-बोलत एकाच लोकलने घरी आलो. दम्याला मी काय घेतो, हे मात्र त्याने बोरिवलीपर्यंत दोनदा विचारलं.