फोन उचलणारी बाई



गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, मग चहा आणि गप्पा. एका ताईंच्या सुनेने मदतीच्या फोन केंद्रात नोकरीसाठी अर्ज केला होता. संकटात सापडलेल्या माणसाचा फोन घ्यायचा आणि त्याच्याकडे गाडी पाठवायची, असं ते काम. सासूबाई म्हणाल्या, "बसून फोन उचलायचा. त्याला काय काम म्हणायचं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज या कामाचा इतिहास सांगते. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारातला आहे. पण ऐकताना तुम्हाला आपलीच माणसं आठवतील.

अमेरिकेतलं मोठं विद्यापीठ म्हणजे एक गावच असतं. हजारो मुलंमुली तिथल्या वसतिगृहात राहतात. प्रयोगशाळा, दवाखाना, खेळाचं मैदान, रस्ते, सगळं त्या आवारातच. अशा कितीतरी विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस खातं असतं. ते साधे रखवालदार नसतात, कायद्याने अटक करायचा अधिकार असलेले पोलीस असतात. त्या खात्याच्या एका खोलीत, रात्री दोन वाजतासुद्धा, कुणीतरी कानाला फोन लावून जागं असतं. तिला तिकडे डिस्पॅचर म्हणतात. 'तिला' म्हणते, कारण अमेरिकेत या कामात बायकाच जास्त आहेत.

तिच्यासमोर चार-पाच पडदे असतात. एकावर आवाराचा नकाशा, एकावर कोणता पोलीस कुठे आहे त्याची नोंद, एकावर आगीच्या घंटांची यादी. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर तिथला फोन अनेक ठिकाणी तिच्याकडेच वाजतो. रात्री अभ्यासिकेतून वसतिगृहापर्यंत एकटीने जायला भीती वाटणारी मुलगी सोबत मागते, तोही फोन बहुतेक तिलाच येतो. नव्वद फोन किरकोळ असतात. किल्ली हरवली, गाडी बंद पडली, शेजारच्या खोलीत गोंगाट चाललाय. आणि मग एखादा असा येतो की पलीकडची मुलगी नुसती कुजबुजते. दोन्ही फोन एकाच सुरात वाजतात. उचलल्याशिवाय कळत नाही.

आता मागे जाऊ. १८७८ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात टेलिफोन नवा होता. तारा जोडून द्यायला पोरं ठेवली होती. ती फोन करणाऱ्यांशी उद्धट बोलत, दंगामस्ती करत. लोक कंटाळले. त्या वर्षी १ सप्टेंबरला एमा नट नावाच्या तरुणीला कामावर घेतलं. जगातली पहिली बाई ऑपरेटर म्हणून तिचं नाव सांगतात. पुढे टेलिफोन केंद्रं बायकांनीच भरून गेली. लहान गावात तर ही ऑपरेटरच गावाचा आधार असे. घराला आग लागली, बाळंतपण अडलं, की फोन उचलून तिला सांगायचं. डॉक्टर या वेळी कुठे सापडेल हे तिला ठाऊक असे.

नंतर आकडे फिरवायचा फोन आला. मधली बाई बाजूला झाली, पण संकटात नेमका कोणता नंबर फिरवायचा, हा प्रश्न उभा राहिला. पोलिसांचा वेगळा, अग्निशमनाचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. घाबरलेल्या माणसाला एकही आठवत नाही.

त्याची किंमत लंडनमध्ये मोजावी लागली. नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली. शेजाऱ्याने ऑपरेटरला फोन लावला, पण त्याचा फोन रांगेतच थांबून राहिला. आगीचा फोन आणि साधा फोन यांत फरक कळायची काही सोयच नव्हती. त्या आगीत पाच बायका गेल्या. शेजाऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. तो लावला की केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे, म्हणजे हा फोन आधी घ्यायचा.

अमेरिकेला असा एक नंबर मिळायला आणखी तीस वर्षं लागली. १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून ९११ वर पहिला फोन लागला. मोठ्या शहरांच्या आधी एका लहान गावाने हे केलं, हे मला फार आवडतं.

विद्यापीठांच्या पोलिसांची गोष्ट याच काळात वळण घेते. तसे आवारातले पहिले पोलीस १८९४ सालचे. येल विद्यापीठातली मुलं आणि गावकरी यांच्यात भांडणं होत, म्हणून शहर पोलिसांतले दोन जण तिथे नेमले. पण पुढची कित्येक वर्षं बहुतेक विद्यापीठांत नुसते रखवालदारच होते. दारं लावायची, दिवे बघायचे, कुठे धूर दिसतो का पाहायचं. १ ऑगस्ट १९६६ ला टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माणसाने दीड तासाहून जास्त वेळ खालच्या लोकांवर गोळ्या झाडल्या. डझनाहून जास्त माणसं मेली. त्या विद्यापीठाला स्वतःचं पोलीस खातं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, राज्याने कायदा करून तिथल्या विद्यापीठांना पोलीस ठेवायचा अधिकार दिला. पोलीस आले की त्यांना निरोप देणारी, त्यांची नोंद ठेवणारी माणसंही लागतात.

पण पोलीस असून भागत नाही. ५ एप्रिल १९८६ ला पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची मुलगी वसतिगृहातल्या आपल्या खोलीत झोपली होती. आपोआप कुलूप लागणारी दारं कुणीतरी अडसर घालून उघडी ठेवली होती. तिथूनच एक विद्यार्थी आत शिरला. त्याने तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा जीव घेतला.

तिचे आईवडील, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी, यांना नंतर कळलं की त्याआधीच्या तीन वर्षांत त्या आवारात कितीतरी हिंसक गुन्हे घडले होते. कुणी पालकांना सांगितलं नव्हतं. विद्यापीठाचं नाव खराब होईल म्हणून असल्या गोष्टी झाकायच्या, ही तेव्हाची रीतच होती. मैत्रिणींनो, ही रीत आपल्याला नवी नाही. पोरीचं काही झालं तर आधी घराण्याचं नाव, मग पोरीचा जीव, हे आपण पाहिलं आहे.

क्लेरी दांपत्य गप्प बसलं नाही. त्यांनी संस्था काढली, आधी आपल्या राज्यात आणि मग १९९० मध्ये देशात कायदा करवला. पुढे त्याला जीनचंच नाव दिलं. क्लेरी कायदा सांगतो की विद्यापीठाने दरवर्षी आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावेत, धोका असेल तर लोकांना वेळेत कळवावं, आणि पोलीस खातं असेल तर रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही सगळ्यांना बघायला खुली ठेवावी.

आता बघा, ही नोंद सुरू कुठून होते? फोन आला त्या मिनिटाला. डिस्पॅचरने काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, कुणाला पाठवलं, तिथून. तिने नीट लिहिलं तर उद्या कुणाला "असं काही घडलंच नाही" म्हणता येत नाही. गटाची वही आपण का जपतो? तोंडी हिशोबाला उद्या कुणी विचारत नाही म्हणूनच ना.

पुढचा धडा १६ एप्रिल २००७ चा, व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या. हे घरगुती भांडण असावं असा पोलिसांचा समज झाला. सगळ्यांना सावध करणारा पहिला निरोप गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसाने वर्गांमध्ये शिरून आणखी तीस जणांना मारलं. त्या दिवशी एकूण ३२ जण बळी पडले. २००८ मध्ये कायदा सुधारला. आवारात जिवाला धोका आहे अशी खात्री झाली की विनाविलंब सगळ्यांना कळवायचं. आता मोबाइलवर संदेश जातात, भोंगे वाजतात. ते बटण दाबायची जबाबदारी पुष्कळ ठिकाणी रात्रपाळीच्या डिस्पॅचरवर असते.

आणखी एका लेकीची गोष्ट सांगते. २०१३ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या एका हॉटेलात कॅरी हंट या बाईवर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ लावलं. एकदा नाही, चार वेळा. फोन लागलाच नाही, कारण तिथल्या फोनवरून बाहेर बोलायचं तर आधी ९ दाबावा लागे. पोरीला ते कसं माहीत असणार? आई गेली. आजोबांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये कॅरीच्या नावाने कायदा झाला. आता हॉटेल, कचेऱ्या, विद्यापीठं, जिथे असे अनेक जोडण्यांचे नवे फोन बसवतील, तिथे ९११ थेट लागलंच पाहिजे.

म्हणजे फोन लागण्यापासून निरोप पोचण्यापर्यंत जी वाट आज सोपी दिसते, तिच्या एकेका पायरीखाली कुणाचा तरी जीव आहे. पुष्कळदा बाईचा.

आणि त्या वाटेवर बसलेली ती फोन उचलणारी? फोन आला की तिचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठे आहात?" नाव नंतर, काय झालं तेही नंतर. कारण फोन मध्येच तुटला तरी जागा माहीत असेल तर गाडी निघते. विद्यापीठात हे अवघड असतं. मोबाइलवरून लावलेला फोन कधी शहराच्या केंद्रात जातो, तिथून आवाराच्या केंद्राकडे वळवावा लागतो. म्हणूनच पुष्कळ आवारांत निळ्या दिव्याचे खांब उभे आहेत. त्यावरचं बटण दाबलं की तोंडातून शब्द फुटला नाही तरी कोणत्या खांबावरून हाक आली ते तिला कळतं.

कुणाचं हृदय बंद पडलं तर फोनवरूनच ती सांगते, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा, जोरात दाबा, आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने स्वतः मोजत राहते. समोरचा रडतो, ओरडतो, शिव्याही देतो. हिने आवाज चढवायचा नाही. मग गाडी पोचते, फोन बंद होतो, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे तिला बहुधा कधीच कळत नाही. लगेच दुसरा फोन वाजतो.

एवढं असून अमेरिकेच्या सरकारी यादीत हे काम कुठे बसतं? कारकुनांच्या गटात. पोलीस, अग्निशमनवाले 'संरक्षण सेवा'त, आणि त्यांना पाठवणारी कचेरीतल्या कामात. २०१८ च्या वर्गीकरणातही तसंच राहिलं. त्याविरुद्ध या बायका वर्षानुवर्षं बोलत आहेत. टेक्सासने २०१९ मध्ये कायदा करून त्यांना संकटात पहिल्यांदा धावणाऱ्यांत धरलं.

हे ऐकताना तुम्हाला आपल्या आशाताई आठवल्या असतील. रात्री-अपरात्री गाडी बोलावणारी, बाळंतिणीसोबत दवाखान्यात बसणारी. कागदावर मात्र ती 'स्वयंसेविका', तिला पगार नाही, मोबदला. बाईचं काम आवाजाचं असलं, धीर देण्याचं असलं, की ते कामात धरत नाहीत. इकडेही नाही, तिकडेही नाही.

आपल्याकडेही आता पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. म्हणून जाता जाता तीन गोष्टी सांगते. फोन लागला की आधी जागा सांगा. नुसतं गावाचं नाव नाही, वस्ती, जवळची शाळा, देऊळ, पाण्याची टाकी. पलीकडची प्रश्न विचारते म्हणून चिडू नका. ती "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आणि साधा बटणांचा फोन २०१७ नंतरचा असेल तर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ लागावा, असा नियम आहे. आपल्या फोनवर कोणतं बटण आहे ते दुकानदाराला विचारून ठेवा, घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. गंमत म्हणून मात्र दाबू नका. त्याच क्षणी दुसरी कुणी तिकडे थांबलेली असेल.

आणि त्या सूनबाईंना माझा निरोप द्या. नोकरी लागली की पेढे घेऊन बैठकीला या. सासूबाईंना पहिला पेढा मी देईन, आणि हे सगळं पुन्हा एकदा सांगेन.

नमस्कार.