सनद नसलेली वहिवाट

संगणकाच्या पडद्यावरील चौकट कशी दिसावी, तिच्या मथळ्याचा रंग कोणता असावा आणि ती मिटवण्याची कळ डावीकडे असावी की उजवीकडे, याचा निर्णय आपण करायचा नाही, असे ज्यांनी ती चौकट पडद्यावर उमटवण्याची विद्या सिद्ध केली त्यांनीच ठरवून टाकले होते, ही घटना मला या साऱ्या इतिहासाचे बीज वाटते. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट शाइफ्लर, जिम गेटिस आणि त्यांचे सहकारी यांनी एक्स विंडो सिस्टिमची उभारणी आरंभली, तेव्हा यंत्रणा आम्ही पुरवू, धोरण ज्याचे त्याने ठरवावे, हे तत्त्व त्यांनी पत्करले. आणि १९८७ साली निघालेली तिची अकरावी आवृत्ती, जी पुढे कित्येक वर्षे युनिक्स आणि लिनक्सच्या पडद्यांचा कारभार पाहत राहिली, तीही याच तत्त्वाला धरून होती.

या औदार्याचे फळ पुढच्या दशकात दिसू लागले. १९९३ साली रॉबर्ट नेशन याने एफव्हीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर, म्हणजे चौकटींचे रूप आणि मांडणी ठरवणारा प्रोग्रॅम, रचला. त्यामागून आफ्टरस्टेप आणि विंडो मेकर आले, ज्यांच्यापुढे नेक्स्टस्टेप या संगणकप्रणालीच्या सुबक, करड्या रूपाचा आदर्श होता. आणि कार्स्टन हाइट्झलर याच्या एनलाइटनमेंटने तर चौकटींच्या कडांना धातूची झळाळी आणि चित्रांचा साज देऊन, यंत्राचा पडदाही अलंकाराचा विषय होऊ शकतो हे त्या पिढीला दाखवून दिले. त्याच सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी गिंप हा चित्रसंपादक घडवीत होते. कळा, याद्या आणि सरकपट्ट्या यांसाठी त्यांनी प्रथम मोटिफ या तयार संचाचा आश्रय घेतला होता. पण मोटिफ मुक्त नव्हते आणि त्यावर त्यांचे समाधानही होईना, म्हणून त्यांनी स्वतःचाच संच तयार केला, तोच जीटीके. १९९७ साली ग्नोम या डेस्कटॉपचा संकल्प जाहीर झाला तेव्हा त्याने याच संचावर आपली इमारत उभी केली, आणि १९९९ च्या जीटीके १.२ या आवृत्तीत रूप रंगवणारे इंजिन बाहेरून आणून बसवण्याची मुभा मिळाली. थीम, म्हणजे पडद्यावर चढवायचे तयार रूप, रचणाऱ्यांची वहिवाट खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

ही कारागिरी दुरून दिसते तितकी सोपी नव्हती. एक साधी कळ घेतली तरी जीटीकेच्या हिशेबात तिच्या पाच अवस्था असत: स्वस्थ, दाबलेली, जिच्यावर माऊसचा बाण येऊन ठेपला आहे अशी, निवडलेली, आणि जी तूर्त निरुपयोगी आहे अशी. या पाचही अवस्था एकमेकींहून वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत आणि तरी त्या एकाच कुळातल्या वाटल्या पाहिजेत, असा दुहेरी दंडक कारागिरावर असे. चित्रांचे तुकडे जोडून रूप देणाऱ्या पिक्समॅप इंजिनात तर प्रत्येक अवस्थेचे चित्र काढून, कडा किती ठेवायच्या आणि मधला भाग किती ताणायचा हे आकड्यांनी सांगावे लागे. आणि इतके कष्ट केल्यावर पडदा मंदगतीने रंगू लागला की वापरणारा नाराज होई. कारागीर आपल्या पडद्यावर आपल्या निवडीच्या चार-दोन प्रोग्रॅमांत थीम पारखून पाही, पण ती ज्या शेकडो प्रोग्रॅमांवर चढायची, त्यांतला एखादा असा निघे की ज्याच्या कर्त्याने पार्श्वभूमी पांढरीच असणार असे गृहीत धरून अक्षरांना आपल्या हाताने काळा रंग दिलेला असे. मग काळोख्या थीमवर ती काळी अक्षरे अंधारात बुडून जात. दोष कोणाचा, हा प्रश्न त्या वेळीही सुटला नव्हता.

आपल्या लिपीचा संबंध येथेच येतो. २००२ साली जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर पँगो ही अक्षरयोजनेची व्यवस्था आली आणि देवनागरी मजकूर या पडद्यांवर जोडाक्षरांसह नीट उमटू लागला. पण ज्यांच्या नजरेसमोर केवळ रोमन अक्षरे होती त्यांनी आखलेल्या आखूड उंचीच्या कळांत आणि मथळ्यांत शिरोरेषेवरची वेलांटी व मात्रा किंवा खालचा उकार कापला जाण्याचे भय राहिलेच. मराठी वाचणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. मात्रा गेली की शब्दच बदलतो. आणि थीम हा निव्वळ शोभेचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर या एका उदाहरणात आहे.

त्याच वर्षी रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत ब्लूकर्व्ह नावाचे एकच रूप ग्नोम आणि त्याचा प्रतिस्पर्धी केडीई या दोन्ही डेस्कटॉपांवर चढवले गेले, तेव्हा केडीईच्या गोटातून तीव्र नापसंती उमटली. आपण ज्याला घडवले त्याला दुसऱ्याने आपल्याला न विचारता वेगळा पोशाख घालावा, ही व्यथा तेव्हा उघडपणे बोलली गेली, आणि पुढच्या वीस वर्षांचा कलह तिच्यातूनच वाढला.

२०११ च्या फेब्रुवारीत जीटीकेची तिसरी आवृत्ती निघाली आणि रूपाचे वर्णन वेबच्या धर्तीवर सीएसएसमध्ये लिहिण्याची पद्धत आली. इंजिनासाठी सी भाषा शिकण्याची गरज पुढे उरली नाही, म्हणून कारागिरांची संख्या वाढली. परंतु ज्या नावांच्या आधाराने ते नियम लिहीत होते ती नावे स्थिर ठेवण्याचा करार संचाच्या कर्त्यांनी कधीच केला नव्हता. २०१६ च्या मार्चमध्ये ३.२० या आवृत्तीने विजेटांच्या, म्हणजे कळा-याद्यांसारख्या घटकांच्या, अंतर्गत रचनेची नावे बदलली, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत नीट चालणाऱ्या थीम रातोरात विस्कटल्या. आर्क ही त्या काळातील अत्यंत लोकप्रिय थीम. तिच्या कर्त्याला ३.१४, ३.१६, ३.१८ आणि ३.२० यांच्यासाठी चार निरनिराळे संच एकाच दप्तरात सांभाळावे लागले. ज्याने कोणाकडून मोबदला घेतला नाही अशा माणसावर इतका बोजा पडावा, हे मला अन्यायाचे वाटते. मात्र संचाच्या कर्त्यांची कैफियतही खोटी नव्हती, कारण प्रत्येक अंतर्गत नाव कायमचे गोठवले असते तर त्यांना जुन्या चुका दुरुस्त करण्याची वाटच उरली नसती.

२०१९ च्या मे महिन्यात ग्नोमसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अनेकांनी एक जाहीर पत्र काढून लिनक्सच्या वितरकांना विनंती केली, की आमच्या प्रोग्रॅमांवर आपली थीम परस्पर चढवू नका. बदललेल्या चिन्हांमुळे अर्थ पालटतो, रंगांमुळे मजकूर वाचता येत नाही, आणि त्याच्या तक्रारी मात्र आमच्या दारी येतात, असे त्यांचे म्हणणे होते. जो माणूस आपल्या घरच्या यंत्रावर हौसेने फेरफार करतो त्याला आमची हरकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले होते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. हौसेने रंगवणारा आणि लाखो यंत्रांवर एक रंग लादणारा यांना एकाच पारड्यात घालणे न्यायाचे नाही. तरी या वादात पहिल्याचे नुकसान दुसऱ्यापेक्षा अधिक झाले, कारण वितरकांना निदान आपले म्हणणे मांडायला माणसे आणि साधने होती.

२०२२ च्या मार्चमध्ये ग्नोमच्या बेचाळिसाव्या आवृत्तीबरोबर लिबअद्वैत हे ग्रंथालय प्रोग्रॅमांत रूढ झाले, आणि त्यावर बांधलेल्या प्रोग्रॅमांनी यंत्रावर निवडलेली थीम मानणे बंद केले. ग्नोमच्या मूळ रूपाचे नाव २०११ पासूनच अद्वैत आहे. ज्याला दुसरे नाही, असा अर्थ असलेला आपला हा शब्द त्या दूरच्या कारागिरांपर्यंत पोचावा याचा आनंद मला झाला होता, आणि थीमचा दरवाजा त्याच नावाने लागावा याचे वाईटही तितकेच वाटले. २०२४ च्या सप्टेंबरात ग्नोमच्या सत्तेचाळिसाव्या आवृत्तीने वापरणाऱ्याला ठळक भागांसाठी नऊ रंगांतून एक निवडण्याची परवानगी दिली; थीमचा दरवाजा मात्र लागलेलाच राहिला.

तरीही वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात, कॉन्फिगच्या आत, जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीच्या नावाने असलेल्या कप्प्यात जीटीके.सीएसएस या नावाची फाईल ठेवली तर ती आजही वाचली जाते. ती चालत राहील अशी हमी कोणी दिलेली नाही, आणि पुढच्या आवृत्तीत एखादे नाव बदलले की तिच्यातल्या ओळी पुन्हा शोधून दुरुस्त कराव्या लागतात; थीम रचणारे त्या ओळी लिहीतच आहेत.