तान्ह्या मुलांच्या आहारांतील भाजीपाला

तान्ह्या मुलाला शिजवून गाळलेली भाजी भरविणें ही गोष्ट आज इतकी साधी वाटते कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल अशी कल्पनाही मनाला शिवत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील सुशिक्षित माता वर्षाच्या आंतील मुलाला भाजी सहसा देत नसे. तेथील डॉक्टरांचा सारा भर दुधावर असे. उन्हाळ्यांत अतिसारानें असंख्य मुलें दगावत, आणि त्याचा दोष पुष्कळदां फळें व भाज्या यांवर येई.

हें मत पालटलें तें जीवनसत्त्वांच्या शोधामुळें. १९१२ सालीं कासिमिर फुंक यांनीं ‘व्हिटॅमिन’ हा शब्द योजला. नुसत्या उकळलेल्या दुधावर वाढणाऱ्या मुलांना स्कर्व्ही कां होतो, याचा पुढें उलगडा झाला, आणि डॉक्टर पहिल्या वर्षांतच भाजी देण्याचा सल्ला देऊं लागले. सल्ला डॉक्टरांचा, पण श्रम मातेचे! भाजी निवडावी, मऊ शिजवावी, बारीक चाळणीवर चमच्यानें घासावी, चोथा टाकून द्यावा. आणि एवढें करून हातीं लागावा तो दोन-चार चमचे लगदा.

मिशिगन राज्यांतील फ्रेमाँट गांवीं १९२७ सालीं डोरोथी गर्बर या आपल्या लहानग्या सॅलीसाठीं हेंच काम करीत होत्या. पति डॅनिएल यांच्या घरचा भाज्या-फळें डबाबंद करण्याचा कारखाना होता. हें काम कारखान्यांत कां होऊं नये, असा त्यांचा प्रश्न होता. १९२८ सालीं वाटाणे, गाजर, पालक इत्यादींचे गाळीव डबे बाजारांत आले. तत्पूर्वीं असे डबे मुख्यतः औषधांच्या दुकानांत मिळत. आतां ते वाण्याच्या दुकानांत मिळूं लागले.

मातेचे श्रम वांचले हें खरेंच. परंतु सोय झाली तशी घाईही वाढली. १९५० नंतर कित्येक मुलांना पहिल्या एक-दोन महिन्यांतच डब्यांतील अन्न मिळूं लागलें. मोठ्यांच्या जिभेला रुचावें म्हणून त्यांत मीठही घालीत. चवीसाठीं घातलें जाणारें मोनोसोडियम ग्लुटामेट अमेरिकन कारखानदारांनीं टीकेनंतर १९६९ सालीं काढून टाकलें. त्यानंतरच्या दशकांत अनेक माता पुन्हां घरच्या चाळणीकडे वळल्या; १९७४ सालीं निघालेलें व्हिकी लॅन्स्की यांचें घरगुती बालाहारावरील पुस्तक अतिशय लोकप्रिय झालें.

तथापि घरचें अन्न म्हणजे निर्धोकच, असेंही नव्हे. शिजविलेला पालक फार वेळ तसाच ठेवल्यास जंतूंमुळें त्यांतील नायट्रेटचें नायट्राइट बनतें, आणि त्यामुळें अगदीं लहान मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति घटते. जर्मनींत १९६० नंतरच्या वर्षांत असे प्रसंग नोंदले गेले.

जागतिक आरोग्य संघटना आतां पहिले ६ महिने केवळ मातेचें दूध व त्यानंतर त्याच्या जोडीला इतर अन्न, असें सांगते. शास्त्राचें मत एका शतकांत दोन टोकांना जाऊन मध्यावर आलें, आणि प्रत्येक वेळीं मातेनें तें विश्वासानें पाळलें. म्हणून सल्ला देणाऱ्याची जबाबदारी मोठी. मातेच्या हातीं राहतें तें एवढेंच: भाजी ताजी असावी, भांडीं व हात स्वच्छ असावे, मीठ-साखर घालूं नये, आणि केलेलें अन्न त्याच वेळीं भरवावें.