जहाज तपासायचं यंत्र हृदयावर कसं आलं?

घरात कुणाचा टू-डी एको झाला असेल, तर रिपोर्टात 'एलव्हीईएफ 60%' अशी काहीतरी ओळ पाहिली असेल. हृदयाकडे बाहेरून बघायची ही कल्पना मुळात आली कुठून, ते आज बघूया. गोष्ट सुरू होते स्वीडनमधल्या लुंड शहरात.

1950 च्या आसपासचा काळ. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या कितीतरी लोकांची मायट्रल झडप खराब व्हायची. ही झडप म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दार. ते दोन तऱ्हेने बिघडतं. एकतर आकसतं, रक्त पुढे जाईना होतं. नाहीतर नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. आकसलेलं दार सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळं करायचे. हो, बोट! पण झडप गळकी निघाली तर? ती आणखी फाकवली की पेशंट आणखी खालावणार. आणि छाती उघडण्याआधी नक्की बिघाड कुठला, हे एक्स-रे, कॅथेटर वापरूनही कित्येकदा कळायचं नाही.

लुंडच्या हॉस्पिटलातले डॉक्टर इंगे एडलर याच प्रश्नावर अडले होते. त्यांनी हेलमुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं, रडारसारखं काही वापरता येईल का? हर्ट्झ म्हणाले, रडार नाही, पण अल्ट्रासाउंड चालेल. (आडनाव ओळखीचं वाटतंय ना? ज्यांच्यावरून 'हर्ट्झ' हे एकक आलं, ते हाइनरिख हर्ट्झ म्हणजे हेलमुटच्या वडिलांचे काका.)

आता यंत्र कुठून आणायचं? जवळच माल्मोला कॉकम्सचा जहाजबांधणी कारखाना होता. धातूच्या आत कुठे भेग आहे का, हे ध्वनिलहरी सोडून बघणारं यंत्र तिथे होतं. हर्ट्झनी ते शनिवार-रविवारपुरतं उसनं घेतलं आणि सरळ स्वतःच्या छातीला लावलं. पडद्यावरचा प्रतिध्वनी ठोक्याबरोबर मागेपुढे हलत होता! मग सीमेन्सकडून एक यंत्र मिळालं आणि 29 ऑक्टोबर 1953 ला हृदयाच्या हालचालीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. चित्र वगैरे काही नाही हं, नुसती वरखाली जाणारी रेघ.

पण ती रेघ हृदयाच्या कुठल्या भागाची? मला या गोष्टीत सगळ्यात भारी वाटतो तो हाच भाग. आधी एडलरना वाटलं, ही डाव्या वरच्या कप्प्याची भिंत असणार. खात्री करायला त्यांनी मरणासन्न पेशंटच्या छातीवर प्रतिध्वनी मिळायची जागा आणि दिशा टिपून ठेवली आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्याच दिशेने सुई घातली. सुई निघाली मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीतून. म्हणजे इतके दिवस ते झडपच बघत होते! मग अर्थ लागला. निरोगी पाकळी चटकन मागे फिरते, रेघ तीव्र उतरते. आकसलेल्या झडपेत तीच रेघ संथ, जवळजवळ सपाट. आता छाती न उघडता सांगता येऊ लागलं.

पुढे अमेरिकेत इंडियानापोलिसला हार्वी फायगेनबाउम यांनीही मेंदू तपासायचं, पडून असलेलं यंत्र उचललं आणि 1960 च्या दशकात हृदयाभोवती साचलेलं पाणी आणि डाव्या खालच्या कप्प्याचा आकार मोजायला घेतला. त्या मोजमापातून आपण एलव्हीईएफपर्यंत पोचतो: कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं. निरोगी हृदयातही ते 100 नसतं बरं का, साधारण 55 ते 70 असतं.

आणि एक गंमत. मायट्रल झडप आकसलेल्या माणसाचा हा आकडा अगदी 60 सुद्धा येऊ शकतो, आणि तरी तो दोन जिने चढून धापा टाकतो. पंप ठीक, दार अडलेलं. र्‍हुमॅटिक ताप आपल्या देशातून अजून गेलेला नाही, म्हणून रिपोर्टात 'मायट्रल व्हॉल्व्ह' लिहिलेली ओळही डॉक्टरांना जरूर विचारा.